कामट्या

अण्णा आकाशकंदील करायचे तेव्हा आमच्या वाट्याला चिकटवायचं काम यायचं. कामट्या तासणं, त्या दोऱ्यानं बांधून सांगाडा उभा करणं, हे सगळं त्यांचं. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन घरी यावं तर ओसरीवर सांगाडा तयार असायचा आणि शेजारी पातेल्यात खळ गार होत असायची. झुरळांनी कागद खाऊ नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद असायचं, आणि ती बोटं तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून आई स्वयंपाकघरातून सारखी ओरडत असायची. आम्ही दोघी बहिणी पतंगी कागद लावायचो, करंजीच्या कडेसारख्या झिरमिळ्या कातरायचो. कंदील वर चढला की "हा मी केलाय" असं मी गल्लीभर सांगत सुटायचे. कुणी हरकत घ्यायचं नाही. अण्णासुद्धा नाहीत.

हे मला आठवलं ते व्हिएतनाममधल्या होई आन गावात. एका अरुंद घराच्या पुढच्या खोलीत, लाकडी स्टुलावर बसलेल्या माझ्यासमोर एक तयार सांगाडा आणून ठेवला गेला तेव्हा.

तारीख २८ सप्टेंबर २०२३. आपल्याकडे अनंत चतुर्दशी. गौरी-गणपती उरकून मी निघाले होते, त्यामुळे घरी विसर्जनाच्या मिरवणुकांची धांदल चाललेली असताना मी इथे होते आणि मनात थोडी चुकल्यासारखी भावना होती. पण व्हिएतनामचं पंचांगही चंद्रावर चालतं. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे चुंग थू, मुलांचा आणि कंदिलांचा सण. तो दुसऱ्याच दिवशी होता. सकाळपासून गल्लीत पोरं ढोल बडवत होती. एक मोठा रंगीत मुखवटा घालून दोघं-तिघं नाचत होती. आकाशातल्या कुत्र्याचं ते रूप, थिएन काव, या गावाचं खास. ताल वेगळा होता, पण ढोलाचा आवाज छातीत घुमतो तो सारखाच.

होई आन थू बोन नदीच्या मुखाजवळ आहे. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत हे मोठं बंदर होतं. युरोपातले लोक त्याला फाइफो म्हणत. चिनी आणि जपानी व्यापारी इथे घरं बांधून राहिले. दारावर कंदील टांगण्याची रीत त्यांच्याबरोबर आली असं इथे सांगतात. पुढे नदीत गाळ भरत गेला, जहाजं दा नांगला जाऊ लागली आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच जुनी लाकडी घरं पाडून नवी बांधायची ऐपत कुणाला राहिली नाही, आणि ती घरं आहेत तशी उभी राहिली. १९९९ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९९८ पासून, दर महिन्याच्या चांद्र चतुर्दशीला जुन्या गावातले विजेचे दिवे मालवून कंदील लावायची प्रथा सुरू झाली. मी नेमकी त्या दिवशी तिथे होते, आणि तीही चुंग थूच्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.

गावातला प्रसिद्ध जपानी पूल मात्र पाहायला मिळाला नाही. दुरुस्तीसाठी त्याच्यावर मांडव घातला होता. २० हजार डाँगच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. कंदील करायला शिकवणाऱ्या क्लासचे पैसे देताना त्या नोटा मोजल्या, तेवढंच काय ते त्याचं दर्शन.

क्लास घेणाऱ्या बाई साठीच्या आतल्या असाव्यात. त्यांनी छातीवर हात ठेवून "को" म्हटलं. मला ते त्यांचं नाव वाटलं. इंग्रजी बोलणारी त्यांची भाची हसली आणि तिनं समजावून सांगितलं, की 'को' म्हणजे बापाची बहीण. शिकवणाऱ्या बाईलाही 'को'च म्हणायचं. त्या भाषेत 'मी' आणि 'तू' असे सुटे शब्द घरच्या बोलण्यात फारसे येतच नाहीत. समोरच्याशी आपलं नातं काय, तोच शब्द दोघांसाठी. बाई स्वतःबद्दल बोलतानाही 'को'च म्हणत होत्या. को कापड देते. को दाखवते. मला ते परकं वाटलंच नाही. माझी आत्या आम्हाला भरवताना "आत्या देते हं, आत्या देते" असंच म्हणायची. त्या क्षणापासून माझ्यासाठी त्या आत्याच झाल्या.

सांगाड्यांचे आकार बरेच होते. गोल, पाकळीचा, दोन्ही टोकांना निमुळता, चपटी तबकडी. एकाला ते लसूण म्हणतात. खाली फुगीर आणि वर मानेकडे निमुळता, खरोखर लसणाच्या गड्ड्यासारखा. मी तो घेतला. वर आणि खाली लाकडाच्या छोट्या चकत्या, त्यांच्या कडेच्या छिद्रांत ओवलेल्या सोळा कामट्या, मधून जाणारी तार. तार सोडली की कामट्या सरळ होऊन जुडीसारख्या मिटतात, ओढली की एकदम पोट काढून उभ्या राहतात, छत्रीसारख्या. पूर्वीचे कंदील मिटायचे नाहीत. पर्यटक येऊ लागले, त्यांच्या पिशवीत मावावा म्हणून इथल्या कारागिरांनी ही युक्ती बसवली. पर्यटकांसाठी केलेल्या गोष्टींकडे मी एरवी जरा संशयानं बघते. पण तो सांगाडा चार-पाच वेळा उघडून मिटला आणि मला मनापासून वाटलं, की ही फार हुशार माणसाची करणी आहे. प्रत्येक कामटी सारखी वाकली तरच तो उघडेल. एखादी जाड राहिली तर पोट एका बाजूला जाईल.

कापड निवडायला सांगितलं. मी हळदीचा रंग घेतला. पूर्वी कंदील बहुधा रेशमाचे असत. आता रेशमासारखं दिसणारं, जरासं ताणलं जाणारं कापडही वापरतात आणि क्लासमध्ये तेच देतात, कारण नवख्या हाताला ते सांभाळून घेतं. पांढरा डिंक ब्रशनं दोन्ही चकत्यांच्या कडेला आणि पट्टा जिथे संपणार त्या दोन कामट्यांवर लावायचा. मधल्या कामट्या कोरड्या ठेवायच्या. आधी वर चिकटवायचं, मग खाली ओढायचं, मग बाजूला. हा क्रम महत्त्वाचा. मी आधी बाजूला ओढलं आणि पोटावर आडव्या सुरकुत्या पडल्या. आत्यानं काही न बोलता कापड सोडवलं, माझा अंगठा आपल्या अंगठ्याखाली घेतला आणि कामटीवरून खालपर्यंत सरकवला. किती जोर लावायचा ते हातातून हातात आलं. तोंडानं ते सांगता आलं नसतं, भाषा एक असती तरीही.

दुसरा पट्टा बरा लागला, तिसरा चांगला. जादा कापड कामटीच्या अगदी लगत कातरायचं, तेव्हा कात्री आडवी धरायची, नाहीतर टोक पुढच्या पट्ट्यात घुसतं. चौथा पट्टा लावला आणि कंदील पूर्ण झाकला गेला. वरखाली सोनेरी फीत, खाली गोंडा. दीड तासात माझ्या हातात एक सुंदर कंदील होता. भाचीनं माझा फोटो काढला आणि म्हणाली, "बघा, तुम्ही केलात!"

मी "हो" म्हटलं, आणि ओसरीवरची ती गल्लीभर सांगत सुटलेली मुलगी आठवली.

मी विचारलं, "सांगाडा कुणी केला?"

"बाबांनी. मागे बसतात ते."

"तुला येतो?"

"नाही. मी पण कापडच लावते. को पण. बांबू बाबांचा."

मी मागे जाऊन बघू का, असं विचारलं. क्लासमध्ये ते नव्हतं. त्यांना जरा नवल वाटलं, पण आत्यानं लगेच हातानं या या केलं.

ही घरं रुंदीला लहान आणि आत खोलवर गेलेली असतात. मध्ये उघडा चौक, अगदी आपल्या वाड्यासारखा. चौकातून जाताना भिंतीवर खडूनं आणि रंगानं ओढलेल्या रेघा दिसल्या, प्रत्येकीजवळ साल. पुराच्या रेघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन दरवर्षी गावात येते. पर्यटकांसाठी उघड्या असलेल्या तान की नावाच्या जुन्या घरातही अशा खुणा आहेत आणि १९६४ ची त्यांत फार उंचावर आहे. तिथे मी ती पर्यटक म्हणून बघितली होती. इथे मात्र पाय थबकले, कारण मी सांगलीची आहे. पूर म्हणजे काय ते मला भिंतीवरच्या रेघेवरून कळतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, हा प्रश्न पावसाळ्यात आम्ही एकमेकांना जेवलास का इतक्या सहज विचारतो. ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं.

भाचीनं वर बोट दाखवलं. तक्तपोशीत एक चौकोनी झडप होती. पाणी चढायला लागलं की त्यातून दोरानं सामान वर ओढून घ्यायचं. आधी बापजाद्यांचं देवघर, मग तांदूळ, मग सांगाडे. सांगाडे हलके, ते शेवटी नेले तरी चालतं, असं ती म्हणाली.

आमच्याकडे अशी झडप नव्हती. गावभागातल्या घराच्या माळ्यावर अण्णांनी चार सांगाडे टांगून ठेवले होते. एक तर माझ्या जन्माच्या आधीचा. दरवर्षी ते त्यांतला एक खाली काढायचे, सैल झालेले दोरे बदलायचे आणि नवा कागद लागायचा. २०१९ ला आम्ही सगळे विश्रामबागेत मामांकडे होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा माळ्यावरचं सगळं चिखलात कालवून खाली आलेलं होतं. पुस्तकं, गाद्या, आईचा पितळी डबा. त्या ढिगात मोडलेल्या कामट्या दिसल्या तेव्हा अण्णांनी त्या फावड्यानं बाजूला केल्या आणि काही बोलले नाहीत. त्यानंतर आमच्या घराला विकतचा कंदील लागायला लागला. ते सत्तरीच्या पुढे गेले होते, हाताला कंपही सुटला होता, म्हणून कुणी आग्रह केला नाही. आता वाटतं, करायला हवा होता.

मागच्या पडवीत भाचीचे बाबा बसले होते. बापापेक्षा मोठ्या माणसाला 'बाक' म्हणतात असं भाचीनं शिकवलं, तेव्हा मी त्यांना बाक म्हटलं आणि त्यांनी मान हलवली. पायाशी हिरवट-पिवळ्या चिरफळ्यांचा ढीग. एका हौदात बांबू बुडवून ठेवलेले, मिठाच्या पाण्यात. साधारण दहा दिवस तसेच ठेवायचे, मग वाळवायचे. बांबूत पिठूळ गोडवा असतो, त्यासाठी कीड येते. मिठाच्या पाण्यानं तो निघून जातो आणि कामटी लवचीकही राहते. अण्णा म्हणायचे, चांदण्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते, अंधाऱ्या पंधरवड्यातला घ्यावा. ते ऐकून आम्ही खेळायला पळायचो.

बाकांनी बांबूच्या तोंडावर सुरी टेकवून वर एक टोला दिला. मग सुरी जरा पिरगाळली, आणि करकर आवाज करत चीर पुढे धावली. अर्ध्याचं अर्धं, त्याचं परत अर्धं. मग पाठीची बाजू, म्हणजे सालीकडची, ठेवायची आणि आतला मऊ गाभा सोलून टाकायचा. सगळा ताण सालीत असतो. शेवटी मांडीवर जाड कापड, त्यावर सुरी पक्की दाबून धरलेली, आणि पट्टी सुरीखालून ओढायची. सुरी हलत नाही, बांबू हलतो. प्रत्येक ओढीला कागदासारखा पातळ पापुद्रा निघतो. दोन-चार ओढींनंतर पट्टी दोन्ही हातांत धरून कमान करून बघायची. कमान कुठे सपाट वाटली की तिथे अजून जाडी आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळत असावं, कारण ते बघत माझ्याकडे होते.

मी हात पुढे केला. त्यांनी बिनतक्रार सुरी दिली.

पहिल्याच फटक्यात चीर पळाली. निम्म्यापर्यंत नीट आली आणि मग एका बाजूला सरकत सरकत एक तुकडा पाचरीसारखा निमुळता होऊन सुटला. दुसऱ्या वेळी तसंच होऊ लागलं तसं बाकांनी माझं मनगट धरून थांबवलं. जो भाग जाड होत चालला होता तो माझ्या हातून बाहेरच्या बाजूला वाकवला, पातळ भाग सरळच ठेवला आणि परत पुढे न्यायला लावलं. चीर हळूहळू मध्यावर आली. मला विश्वास बसेना. बांबू माझं ऐकत होता. त्यांनी "चे" म्हटलं, म्हणजे बांबू, आणि मग बरंच काही बोलले. भाची म्हणाली, "बाबा म्हणतात, ओढून आणायची नाही, वाकवून आणायची."

तासाभरात माझ्या तीन कामट्या झाल्या. सांगाड्याला सोळा लागतात. तीनही जाडीला वेगवेगळ्या होत्या. त्यांनी त्या कमान करून पाहिल्या आणि त्यातली एक बाजूला ठेवली, आपल्या ढिगात. ती एक कामटी तिथल्या कुठल्यातरी कंदिलात आज असेल. माझ्या हळदी कंदिलापेक्षा मला तिचं जास्त अप्रूप आहे.

आदल्या दिवशी मी 'मी सन' या ठिकाणी जाऊन आले होते, होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर. इथल्या जुन्या चाम राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं तिथे भद्रेश्वराची स्थापना केली. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत त्यांतली कित्येक ढासळली. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांनी तिथे काही वर्षं डागडुजी केली आणि २०२० मध्ये त्या कामात वालुकाश्माचं एक अखंड शिवलिंग सापडलं. त्या भिंतींच्या विटांमध्ये चुन्याचा थर दिसत नाही. त्या एकमेकींना कशा जोडल्या, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. बांधणाऱ्यांना ते ठाऊक होतं, इतकं ठाऊक, की कुणी लिहून ठेवायचं कारण नव्हतं. पडवीत बसून पट्टी ओढताना त्या भिंती सारख्या डोळ्यांसमोर येत होत्या.

रात्री दिवे मालवले. नदीकाठी फार गर्दी होती, होड्यांतून कागदी दिवे सोडणाऱ्यांची झुंबड, फोटोंची घाई. ते मी लांबूनच बघितलं. मागच्या एका गल्लीत मुलं पाच टोकांची चांदणी घेऊन चालली होती. बांबूच्या कामट्या आणि लाल जिलेटीन कागद, आमच्या चांदणीच्या कंदिलासारखीच. बाकीच्या पोरांच्या हातात गाणं वाजवणारे प्लॅस्टिकचे कंदील होते आणि ती पोरंही खूश होती. मी एका ओट्यावर बसून भात खाल्ला. पौर्णिमेच्या सुमारास इथे पुष्कळ लोक शाकाहारी जेवतात, त्यामुळे ते जेवण सहज मिळतं. त्याला ते 'चाय' म्हणतात, आणि तो शब्द म्हटला की समोर भात येतो.

वसुबारसेच्या संध्याकाळी सांगलीला पोचले. पिशवीतून ती हळदी जुडी काढून अण्णांच्या हातात दिली आणि तार ओढली. कंदील उघडला तशी आई "अगंबाई" म्हणाली. रंगाचं कौतुक झालं, गोंड्याचं झालं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी कंदील उलटा केला आणि आत बोट घालून एकेक कामटी चाचपत गेले. सोळाच्या सोळा. मग तार सोडून मिटला. उघडला. परत मिटला.

"बांबू भिजवलेला आहे," ते म्हणाले.

"मिठाच्या पाण्यात. दहा दिवस."

"हां. आणि फोडलाय बघ कसा. एकसुरी." थोडा वेळ गेला. "चीर पळाली की काय करतात ते?"

मी उठून त्यांच्यासमोर बसले. "तुम्ही काय करायचात, अण्णा?"

त्यांनी दोन्ही हात पुढे घेतले, हवेत बांबू धरल्यासारखे. डावा थरथरत होता. "ओढायचं नाही. जाड बाजू असते ना, ती वाकवायची. बाहेरच्या अंगाला. मग येते ती मध्यावर आपोआप." आणि मनगट वळवलं. अगदी तसंच, बाकांनी माझं वळवलं होतं तसं.

चाळीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून कागद लावला होता आणि हे कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. बाजारात जाऊन बुरुडाकडून दोन बांबू आणले. भिजवायला वेळ नव्हता. अण्णा म्हणाले या वर्षापुरता चालेल, पुढच्या वर्षीचा आधी आणून ठेवू. त्यांनी ओसरीवर खुर्ची ओढून घेतली, माझ्या मांडीवर जुन्या सतरंजीचा तुकडा टाकायला लावला, आणि विळी नको, ती लहान कोयती घे म्हणाले.

मी कोयती बांबूच्या तोंडावर टेकवली.

"मधोमध आहे का बघ आधी," अण्णा म्हणाले.